नवशिक्याचे व्याकरण : 'फॅमिली बेसिक' आणि 'गेम बिल्डर गॅराज'

संगणकास द्यावयाच्या आज्ञांच्या संहितेला 'भाषा' म्हणण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. ही संज्ञा केवळ लाक्षणिक मानावयाची, की तिच्यामागे भाषावैज्ञानिक तथ्य आहे, याचा विचार बहुधा निष्णात प्रोग्रॅमरला समोर ठेवून केला जातो. वस्तुतः नवशिक्याकडे पाहिल्यास प्रश्नाचा उलगडा अधिक होतो. कारण भाषेचे नियम जो सहजपणे पाळतो त्याला ते दिसत नाहीत, ज्याच्या हातून ते मोडतात त्यालाच दिसतात. घरगुती खेळाच्या यंत्रावर, म्हणजे गेम कन्सोलवर, नवशिक्यास प्रोग्रॅमिंग शिकवू पाहणाऱ्या दोन जपानी कृती या दृष्टीने तुलनेस योग्य आहेत. दोन्ही निंटेंडो कंपनीच्या : १९८४ मधील 'फॅमिली बेसिक' आणि २०२१ मधील 'गेम बिल्डर गॅराज'. पहिली नवशिक्याच्या हाती वाक्य देते. दुसरी आकृती देते. या फरकाने त्याच्या चुकांचे स्वरूप कसे बदलते, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

१

निंटेंडोने १९८३ च्या जुलैमध्ये जपानात 'फॅमिली कम्प्यूटर' विक्रीस आणला. नावात संगणक असला तरी त्याला कळफलक नव्हता. ती उणीव पुढील वर्षी जूनमध्ये 'फॅमिली बेसिक'ने भरून काढली. शार्प व हडसन यांच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या या संचाची किंमत १४,८०० येन, म्हणजे मूळ यंत्राइतकीच होती. नवशिक्याच्या संहितेसाठी दोन हजार बाइटांहूनही कमी जागा मोकळी असे. संख्या केवळ पूर्णांकी. आणि लिहिलेले जतन करावयाचे ते कॅसेटच्या फितीवर.

कळफलकावर काताकाना लिपीची अक्षरे होती, परंतु ती अवतरणचिन्हांतील मजकुरापुरती. आज्ञा मात्र रोमन लिपीत आणि इंग्रजी शब्दांतच द्याव्या लागत. येथे जपानी मुलापुढे शब्दसंग्रहाइतकीच वाक्यरचनेचीही अडचण उभी राहते. जपानीत, मराठीप्रमाणेच, क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. बेसिकमध्ये ते आरंभी येते. 'अमुक छाप' असा विचार करणाऱ्याने 'प्रिंट' प्रथम लिहावयाचे आणि छापावयाचे ते नंतर.

याहूनही लक्षणीय बाब पडद्यावरील आकृती हलविण्याच्या 'डेफ मूव्ह' या आज्ञेत आढळते. तिच्या कंसात सहा अंक येतात : पहिला आकृतीचा (मारिओसाठी शून्य, पेंग्विनसाठी चार), दुसरा दिशेचा, त्यानंतर वेग, अंतर, आकृती पुढे की मागे याचा क्रम आणि शेवटी रंग. जपानीत पदाचे कार्य त्यामागे येणाऱ्या अव्ययाने कळते, मराठीत ते विभक्तिप्रत्ययाने वा शब्दयोगी अव्ययाने कळते. म्हणून दोन्ही भाषांत पदे थोडीफार हलविता येतात. येथे प्रत्यय नाही; स्थान हीच विभक्ती होय. दिशेचा तीन हा अंक उजवीकडे, तर एक हा अंक वर नेतो. दिशा तीन आणि रंग एक असता त्यांची अदलाबदल झाली, तर यंत्र तक्रार करीत नाही. आकृती निराळ्या रंगात वर जाऊ लागते. वाक्य व्याकरणशुद्ध, परंतु अर्थ भलताच. उलट एखाद्या आज्ञेचे अक्षर चुकले, तर 'एसएन एरर' अशी दोन अक्षरांची नोंद पडद्यावर येते. व्याकरणाची चूक आणि अर्थाची चूक यांतील भेद कोणी न शिकविता येथे अनुभवास येतो. तो शिकविण्याची पद्धत रूक्ष आहे, हेही मान्य केले पाहिजे.

२

'गेम बिल्डर गॅराज'मध्ये लिहिणे जवळजवळ नाहीच. त्यातील आज्ञा 'नोडॉन' नावाच्या सजीव वाटणाऱ्या घटकांच्या रूपाने येतात. प्रत्येक नोडॉनला आत घेण्याची व बाहेर सोडण्याची द्वारे असून त्यांना धाग्यांनी जोडावयाचे असते. दांड्याचा नोडॉन माणसाच्या नोडॉनच्या 'डावे-उजवे' या द्वारास जोडला की माणूस चालतो. बटणाचा नोडॉन 'उडी'च्या द्वारास जोडला की उडतो. द्वारांवरील नावे शिकणाऱ्याने निवडलेल्या भाषेत येतात. म्हणजे 'फॅमिली बेसिक'च्या दोन्ही अडचणी येथे दूर झाल्या आहेत : शब्द परके नाहीत आणि पदांचा क्रम लक्षात ठेवावयाचा नाही. द्वार हेच विभक्तीचे चिन्ह, आणि ते डोळ्यांसमोर लिहिलेले. हा या कृतीचा निर्विवाद गुण होय.

मात्र त्याबरोबर व्याकरणाची चूक हा प्रकारच जवळपास नाहीसा होतो. उरते ती अर्थाची चूक. दांड्याचा धागा उडीच्या द्वारास जोडला, तर रचना ग्राह्यच ठरते, केवळ हेतू बिघडतो. एवढ्याने हानी झाली असे म्हणता येणार नाही. खरा आक्षेप आहे तो धड्यांच्या रचनेवर. सात खेळ बनवून घेणारे हे मार्गदर्शित धडे शिकणाऱ्यास सांगितलेली कृतीच करू देतात. अन्य मार्ग त्या वेळी बंद असतात. त्यामुळे अर्थाची चूकही असंभव होते. धडा संपतो, खेळ चालतो. परंतु चाललेला खेळ शिकणाऱ्याचे वाक्य नसते, त्याने गिरविलेला कित्ता असतो.

मूलही आधी शुद्ध वाक्ये ऐकूनच भाषा शिकते, असे यावर म्हटले जाईल. ते खरे आहे. परंतु मुलास चुकीचे बोलण्याची बंदी नसते. 'केलं' ऐकत वाढणारे मराठी मूल जेव्हा 'करलं' म्हणते, तेव्हा त्याला नियम सापडला आहे याचा पुरावा मिळतो. ही चूक ज्या शिक्षणात संभवत नाही, त्यात नियम सापडला की नाही हे गुरूलाही कळत नाही आणि शिष्यालाही कळत नाही.

धड्यांच्या मधोमध येणारी कोडी म्हणूनच या कृतीचा सर्वांत मोलाचा भाग ठरतात. त्यांत अपुरी वा सदोष रचना समोर ठेवून ती नीट करावयास सांगितले जाते. हात मोकळा असतो आणि चुकता येते. मुक्त रचनेच्या विभागात तर पाचशे बारा नोडॉनपर्यंतची मुभा आहे. तेथे पोहोचलेला विद्यार्थी १९८४ च्या मुलाहून कितीतरी संपन्न साधने हाताळतो. मात्र कित्ता आणि स्वतंत्र लेखन यांमधील अंतर त्याला बहुतांशी स्वतःच ओलांडावे लागते.

सारांश, जुनी कृती चुकू देते, पण चूक समजावून देत नाही. नवी कृती अर्थ उत्तम समजावते, पण शिकवीत असताना चुकू देत नाही. प्रारंभिक शिक्षणाची साधने किती सुगम आहेत एवढेच पाहून त्यांचा निवाडा होऊ नये. कोणत्या चुका करण्यास ती वाव देतात आणि त्या चुकांना काय उत्तर देतात, हा निकष अधिक उचित ठरेल. भाषेच्या वर्गालाही तो तितकाच लागू पडतो.