आठ मोजमापे, एक क्रमांक

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या २००१ सालच्या मानव विकास अहवालात देशांची तंत्रज्ञानातील प्रगती मोजणारा एक संमिश्र निर्देशांक मांडला होता. ७२ देशांत फिनलंड ०.७४४ गुणांनी पहिला, भारत ०.२०१ गुणांनी ६३वा. असे क्रमांक वाचून आपण सुखावतो किंवा खट्टू होतो. ते निघाले कसे, हे क्वचितच पाहतो.

रीत सोपी आहे. नवनिर्मिती, नव्या तंत्रज्ञानाचा प्रसार, जुन्या तंत्रज्ञानाचा प्रसार व मानवी कौशल्ये हे चार विभाग. प्रत्येकात दोन मोजमापे. पेटंटची संख्या आणि शिक्षणाची वर्षे यांची बेरीज होत नाही, म्हणून प्रत्येक मोजमाप आधी ० ते १ या पट्टीवर आणतात. शिक्षणाच्या सरासरी वर्षांसाठी पट्टी ०.८ ते १२ अशी होती. भारताची वर्षे ५.१. म्हणून गुण (५.१ − ०.८) ÷ (१२ − ०.८) = ०.३८. शेवटी चारही विभागांची सरासरी.

खरी मेख पट्टीच्या निवडीत आहे. दूरध्वनी व वीजवापर यांना लॉगॅरिथमची पट्टी लावली आहे. दूरध्वनींची पट्टी दर हजार लोकांमागे १ ते ९०१. ज्या देशात ३० दूरध्वनी, त्याला साध्या पट्टीवर ०.०३ गुण मिळाले असते. लॉगॅरिथमच्या पट्टीवर मिळतात ०.५०! सुरुवातीच्या दूरध्वनींचे मोल अधिक, हे यामागचे कारण आम्हालाही पटते. पण भारताच्या एकूण गुणांतील निम्म्याहून अधिक वाटा याच विभागाचा होता, हे ‘६३वा’ या शब्दातून कळत नाही. बंगळूरसारखे केंद्र असूनही क्रमांक खाली का, याचे उत्तरही त्यात नाही; देशांतर्गत तफावत सरासरीत बुडून जाते, आणि हे त्या अहवालानेच नमूद केले आहे.

सरासरीचा आणखी एक दोष वर्गात दाखवता येईल. प्रयोगशाळा व ग्रंथालय यांसाठी एका शाळेला ९० व १० गुण द्या, दुसरीला ५० व ४५. साध्या सरासरीने पहिली शाळा पुढे: ५० विरुद्ध ४७.५. आता गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे भूमितीय मध्य, काढा: ३० विरुद्ध ४७.४. दुसरी पुढे गेली! २०१० साली याच संस्थेने मानव विकास निर्देशांकासाठी साधी सरासरी सोडून भूमितीय मध्य स्वीकारला, तो एका बाजूची उणीव दुसरीने पूर्ण झाकली जाऊ नये म्हणून.

या निर्देशांकाची सारी रीत अहवालात छापलेली होती, म्हणूनच ही तपासणी शक्य झाली. ज्या क्रमांकासोबत रीत दिलेली नसेल, तो फलकावर लिहिण्याच्या योग्यतेचा नाही, असे आमचे मत आहे.