‘भग्नहृदय’ या नावाविषयी

‘ब्रोकन हार्ट सिंड्रोम’ ऊर्फ ‘भग्नहृदय’ हे नाव वृत्तपत्रांनी चांगलेच रुजवले आहे. जिवलगाचा मृत्यू झाला आणि हृदयही खचले, अशी हकिकत त्यासोबत हमखास येते. मनाचा धक्का शरीराला बसतो हे या नावाने लोकांना पटवले, हे मान्य. तरीही शिक्षकांनी ते जपून वापरावे, असे आम्हाला वाटते.

या विकाराचे मूळ नाव ‘ताकोत्सुबो’. ते जपानी डॉक्टरांनी १९९० साली दिले. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडण्याचे, अरुंद तोंडाचे व फुगीर बुडाचे मडके. या विकारात बहुधा डाव्या निलयाचे टोक आकुंचन पावेनासे होते, वरचा भाग मात्र जोराने आकुंचतो आणि निलय त्या मडक्यासारखे दिसते. हे नाव दिसले तेवढेच सांगते. ‘भग्नहृदय’ कारणही सांगून टाकते, आणि तेही अपुरे.

२०१५ साली १,७५० रुग्णांची आंतरराष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली. तीत केवळ भावनिक धक्का सुमारे २८ टक्के रुग्णांत आढळला, तर केवळ शारीरिक कारण ३६ टक्के रुग्णांत. मेंदूतील रक्तस्राव, फेफऱ्याचा झटका, शस्त्रक्रिया ही अशी कारणे. मेंदूला इजा होताच अनुकंपी चेतासंस्था खवळते. हृदयातील चेतातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रेनॅलिनचा पूर येतो आणि स्नायू बधिर होतो. हृदयाच्या रोहिण्या मोकळ्या असूनही हे घडते.

नावाचा हा अपुरेपणा निरुपद्रवी नाही. मेंदूतील रक्तस्रावाने ईसीजी बिघडतो, हे १९५४ साली बर्च व सहकाऱ्यांनी दाखवले होते. तो आलेख पाहून हृदयविकाराचा झटका समजले आणि रक्त गोठू न देणारे औषध दिले, तर मेंदूतला रक्तस्राव वाढू शकतो. अशा वेळी अचानक उठलेली असह्य डोकेदुखी हीच महत्त्वाची खूण असते.

‘भग्न’ हा शब्दही फसवा आहे. वाचलेल्या बहुतेक रुग्णांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत आकुंचू लागते. मात्र सुरुवातीचे दिवस हृदयविकाराच्या झटक्याइतकेच धोक्याचे असतात.

पाठ्यपुस्तकात हृदय एका धड्यात आणि मेंदू दुसऱ्या धड्यात असतो. हे दोन धडे जोडायला ताकोत्सुबोसारखे उदाहरण सापडणे कठीण. फळ्यावर दोन्ही नावे लिहावीत आणि मुलांना विचारावे: यांपैकी निरीक्षण कोणते, अनुमान कोणते?