ग्राफिस प्रजातीचे वर्गीकरण : एक चिकित्सा

उष्ण प्रदेशातील झाडांच्या सालींवर काळ्या, वळणदार रेघांची फळे धारण करणारी शैवाके आढळतात. रेघांच्या या लिपीसदृश रूपावरूनच आडान्सन याने १७६३ मध्ये 'ग्राफिस' हे नाव रूढ केले. या प्रजातीच्या वर्गीकरणाचा इतिहास पाहता, सोयीचे लक्षण आणि नैसर्गिक लक्षण यांतील फरक स्पष्ट होतो.

म्युलर याने १८८०-८२ मध्ये बीजाणूंचा रंग व पडद्यांची रचना हे निकष मानले. रंगहीन व आडव्या पडद्यांचे बीजाणू असल्यास ग्राफिस, रंगहीन व जाळीदार असल्यास ग्राफिना, तपकिरी व आडव्या पडद्यांचे असल्यास फिओग्राफिस, तर तपकिरी व जाळीदार असल्यास फिओग्राफिना, अशी ही चौकट होती. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा वापर सुलभ असल्याने ती शतकभर टिकली. पटवर्धन व कुलकर्णी यांनी १९७९ मध्ये पश्चिम घाटातून या कुलातील नव्या जाती वर्णिल्या, त्याही याच परंपरेत. तथापि फळाची भिंत, तिचे काळे पडणे, बीजाणूंची आयोडिनशी होणारी प्रतिक्रिया या बाबी येथे गौण ठरल्या. परिणामी निकटच्या जाती दुरावल्या व दूरच्या एकत्र आल्या.

श्टायगर यांनी २००२ मध्ये अनेक लक्षणांचा एकत्रित विचार करून ही चौकट मोडली. ग्राफिनातील पुष्कळ जाती ग्राफिसमध्ये सामावल्या. २००९ मध्ये ल्युकिंग, आर्चर व आप्ट्रूट यांनी जगातील ३३० जातींची ओळखसूची दिली. पुढे डीएनए-अभ्यासातून ग्राफिस एकसंध नसल्याचे दिसले आणि २०१८ मध्ये ल्युकिंग व काल्ब यांनी 'अलोग्राफा' ही जुनी प्रजाती पुन्हा प्रस्थापित केली.

येथे एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. ज्यांची डीएनए-माहिती उपलब्ध नव्हती अशा बहुसंख्य जातींची विभागणी बाह्य लक्षणांवरून करावी लागली. फळांचा ठसठशीतपणा हे त्यांतील एक लक्षण; परंतु दोन्ही गटांत ते पूर्णतः वेगळे राहत नाही. म्हणजे एका लक्षणाची सत्ता संपली, तरी अनुमानाची संपलेली नाही. बदल योग्य दिशेचा असला, तरी तो अंतिम मानणे उचित नव्हे.

महाविद्यालयीन संग्रहांतील जुन्या चिठ्ठ्यांवरील 'ग्राफिना' हे नाव म्हणूनच केवळ खोडून चालणार नाही. नाव बदलताना ते कोणत्या लक्षणांवरून बदलले याची नोंद व्हावी. अन्यथा पुढील दुरुस्तीच्या वेळी तो नमुना मुका ठरेल.