शार्लटची मागची खोली

शुक्रवारी दुपारी मनामाच्या गुदैबिया भागात एकीच्या घरी आम्ही सात-आठ जणी पुस्तकावर बोलायला जमतो. या खेपेस 'प्राइड अँड प्रेज्युडिस' होतं. चहा येईपर्यंत ठरूनही गेलं की एलिझाबेथ म्हणजे स्वतः जेन ऑस्टिन, आणि आयुष्यात न मिळालेला डार्सी तिने कादंबरीत मिळवला. तुम्हीही कधीतरी असं म्हटलं असेल. मला ते पटत नाही.

डिसेंबर १८०२ मध्ये हॅरिस बिग-विदर या सधन तरुणाची मागणी ऑस्टिनने संध्याकाळी स्वीकारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोडली. तेव्हा तिला सत्ताविसावं पुरं होत आलं होतं. १८०५ मध्ये वडील गेले. मग आई आणि दोघी बहिणी भावांच्या पैशांवर या गावातून त्या गावात. १८०९ मध्ये एडवर्ड या भावाने चॉटनचं घर राहायला दिलं, तेव्हा कुठे बिऱ्हाड स्थिरावलं.

आता शार्लट ल्यूकस बघा. तीही सत्तावीसची. (कादंबरीचा पहिला खर्डा १७९७ मध्येच झाला होता, त्यामुळे नुसत्या वयावर मी इमला बांधणार नाही.) कॉलिन्स मूर्ख आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी ती हो म्हणते, कारण तिला घर हवं आहे. ऑस्टिनने नाकारलं ते शार्लट पत्करते, आणि लेखिका तिला शिक्षा करत नाही. उलट एक खोली देते. हन्सफर्डला गेलेल्या एलिझाबेथला प्रश्न पडतो, पुढची ऐसपैस खोली सोडून ही मागे का बसते? मग कळतं, तीही खोली तितकीच छान असती, तर नवरा सारखा तिथेच येऊन बसला असता.

'ही तिचीच गोष्ट' हा निवाडा आपल्याकडेही झाला. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं आणि विभावरी शिरूरकर कोण याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, अविवाहित मुलींचं मन लिहिणारी बाई स्वतःचंच सांगत असणार, हे वाचकांनी धरूनच चाललं. मग १९५० मध्ये 'बळी' आली, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणातल्या वस्तीवर. सोलापूरच्या अशा वस्तीत त्यांनी नोकरी केली होती. इथे आत्मकथा शोधायची सोयच नव्हती, पण बघणारी नजर तीच होती. ऑस्टिनचंही पहिलं पुस्तक १८११ मध्ये 'एका स्त्रीने लिहिलेलं' एवढ्याच ओळखीवर निघालं, आणि हयातीत तिचं नाव एकाही पुस्तकावर छापलं गेलं नाही. टोपणनाव लेखिकेइतकंच पात्रांनाही वाचवतं, असं मला वाटतं.

मी हे बोलले तेव्हा एकीने हसून विचारलं, ''म्हणजे तू शार्लटच्या बाजूची?'' मी पस्तिशीची, अविवाहित, दोन वर्षांच्या करारावर आलेली संशोधक. प्रश्न कुठून आला हे कळलं. उत्तर मी दिलं नाही.

नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेली एक जण तोवर गप्प होती. कप उचलता उचलता म्हणाली, ''आमच्याकडेपण आहे मागची खोली. एसी नाही तिथे, म्हणून कोणी येत नाही.''