भिंगावरचा आळ

छायाचित्रणाच्या पुस्तिकांमध्ये एक वाक्य हमखास भेटते : 'अतिविशालकोनी भिंग दृश्य विकृत करते.' वर्गाच्या सामूहिक छायाचित्रात कडेची मुले फुगलेली दिसली की आपणही हेच म्हणतो. आमच्या मते या विधानात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे.

पहिली गोष्ट, जवळची वस्तू अवास्तव मोठी दिसणे. नाकाचे टोक कॅमेऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर आणि कान ४२ सेंटिमीटरवर असतील, तर कानाच्या मानाने नाक १.४ पट मोठे उमटेल. कॅमेरा ३ मीटर दूर नेला की हा फरक अवघा ४ टक्के उरतो. या हिशोबात भिंग कोठे आले? आले ते फक्त अंतर. त्याच जागेवरून दुसऱ्या भिंगाने चित्र घ्या, नाक-कानांचे प्रमाण तेच राहील.

दुसरी गोष्ट, कडेचा ताण. ३६ × २४ मिलिमीटरच्या चौकटीवर १४ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग आडवे सुमारे १०४ अंशांचे दृश्य घेते. फिल्म सपाट असल्याने कडेची प्रतिमा तिरकी पडते. बॅटरीचा झोत भिंतीवर तिरका टाकला की वर्तुळाचा लंबगोल होतो, तसेच हे. अगदी कडेचे डोके सुमारे १.६ पट रुंद उमटते; समोरच्या भिंतीवरचा सपाट फळा मात्र आयतच राहतो.

मग हे चित्र चुकीचे का? ते २० पट मोठे करून भिंतीवर लावा. एक डोळा मिटून, चित्राच्या मध्यासमोर १४ × २० म्हणजे २८० मिलिमीटरवर या आणि जागा न सोडता कडेकडे पाहा. डोके पुन्हा गोल भासेल. आपण दूर उभे राहून चित्र पाहतो, आणि दोष देतो भिंगाला!

हा ताण टाळता येतो, पण फुकट नाही. रॉबिन हिल यांनी १९२४ मध्ये ढगांच्या अभ्यासासाठी सबंध आकाश टिपणारे भिंग सुचवले. प्रकाशसंश्लेषणातील 'हिल अभिक्रिया' यांचीच. अशा मत्स्यनेत्री भिंगात कडेचा ताण आवरतो, पण सरळ रेषा वाकतात. गोल पृथ्वीचा सपाट नकाशा काढताना हीच अडचण येते. मर्केटरच्या नकाशात ग्रीनलंड फुगते, म्हणून आपण नकाशाला खोटा म्हणत नाही. तो कोणत्या पद्धतीने काढला ते विचारतो.

छायाचित्रालाही तोच प्रश्न विचारावा. हिलना सबंध आकाश हवे होते. त्यांची निवड कामाची होती. घरविक्रीच्या जाहिरातीत लहानशी खोली दिवाणखान्यासारखी दाखवतात आणि भिंगाचा उल्लेखही करत नाहीत, तेव्हा लबाडी छापणाऱ्याची असते. पुस्तिकांतील ते वाक्य आता बदलावे, आणि तोवर शिक्षकांनी हा २८ सेंटिमीटरचा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा.