चारचौघांतली दुरुस्ती

कवीला दाद कोण देतो हे पाहून कविमंडळाची परीक्षा होत नाही. त्याला अडवतो कोण, आणि कोठे अडवतो, हे पाहावे लागते. दाद काय, आठवडे बाजारातही मिळते. पण "ही ओळ तुला सुचली, की यमकाने सुचवली?" असे विचारणारा माणूस कवीला आयुष्यात दोन-चारदाच भेटतो. तो भेटावा म्हणून मंडळे निघतात. निदान निघताना तरी हाच हेतू सांगितला जातो.

हा विषय मनात घोळू लागला तो आमच्या तालुक्याच्या गावातल्या कविमंडळामुळे. मी कादंबऱ्या लिहिणारा, तरी मंडळात मला थारा आहे. शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गाची किल्ली माझ्यापाशी असते, हे त्याचे एक कारण असावे. यंदाच्या पाडव्याला मंडळाने बहुमताने तीन नवे नियम केले. बैठकीला प्रत्येकाने एकच कविता आणावी. ती कवीने स्वतः म्हणू नये. शेजाऱ्याने चाल न लावता सरळ वाचावी. आणि ज्याला आपली कविता वाचून घ्यायची असेल त्याने आधी दुसऱ्याच्या एका कवितेवर उभे राहून बोलावे. "छान", "सुंदर" एवढेच म्हटल्यास ते बोलणे धरले जाणार नाही. पहिल्या नियमाने बैठक वेळेवर संपते, याहून त्याच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. उरलेल्या दोहोंविषयी मात्र बोलले पाहिजे, आणि त्यासाठी शंभर वर्षे मागे, पुण्यास जावे लागेल.

१९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर अशी मंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत, कविता एकमेकांना वाचून दाखवीत, त्यांवर चर्चा करीत. त्याच वर्षी 'किरण' हा त्यांचा एकत्रित संग्रह प्रसिद्ध झाला. (दिवाकर आणि गिरीश हे पेशाने शिक्षक. मास्तर लोकांच्या या हजेरीचा मला थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा.) आठवड्यातून एकदा चहा घेता घेता पाच-सात माणसांनी मिळून एक कान तयार करावा, ही कल्पना मला आजही मोहक वाटते.

परंतु या मंडळाला दोन दारे होती. एक चहाच्या खोलीत उघडणारे आणि दुसरे व्यासपीठावर. कविता गाऊन दाखवण्याची प्रथा मंडळातील कवींनी, विशेषतः यशवंत व गिरीश यांनी, लोकप्रिय केली. कवितेला श्रोता मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे. जो माणूस कवितेचे पुस्तक विकत घेणार नाही तो काव्यगायनाला येऊन बसला. पण गाणे हे कवितेतले पुष्कळ पाप पोटात घालते. मी वर्गात रोज पाहतो. चालीवर म्हटली की मुलांना कविता आठ दिवसांत पाठ होते आणि अर्थ विचारला की वर्ग गप्प बसतो. मात्रा भरण्यासाठी घातलेला 'हा', यमकासाठी ओढून आणलेले क्रियापद, दोनदा आलेले एकच विशेषण, यांपैकी काहीही सुराच्या ओघात कानाला टोचत नाही. 'छंदोरचना'सारखा ग्रंथ लिहिणारा, एकेक मात्रा तोलून घेणारा माधव जूलियनांसारखा माणूस ज्या मंडळात बसला, त्याच मंडळाची कविता पुढे गळ्यावर तरली, हा योग विचित्र खरा.

१९२५ साली केशवकुमारांची, म्हणजे आचार्य अत्र्यांची, 'झेंडूची फुले' आली. तीतल्या विडंबनांचा बराचसा रोख रविकिरण मंडळाच्या कवितेवर होता, हे सर्वश्रुत आहे. अत्र्यांनी थट्टा केली, लोक हसले, असे म्हणून आपण ते प्रकरण मिटवतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. विडंबनकारासारखा बारकाईने ऐकणारा दुसरा कोण? कवीची कोणती लकब वरचेवर येते, कोणता फारसी शब्द शोभेपुरता बसला आहे, विरहाचा सुसकारा कितव्या ओळीत ठरलेला आहे, हे कळल्यावाचून विडंबन साधतच नाही. जे बोलणे खोलीत व्हायला हवे होते ते पुस्तकाच्या रूपाने बाहेरून आले, आणि बाहेरून आले म्हणून हसे झाले. मंडळाची सगळी कविता टाकाऊ असे मी म्हणत नाही. पण ज्या लकबींवर अत्र्यांना बोट ठेवता आले त्यांवर मित्रांना ठेवता आले नसते काय?

आमच्या मंडळाचा दुसरा नियम मला पसंत आहे तो यासाठी. शेजाऱ्याच्या सपाट आवाजात आपली कविता ऐकणे हा मोठा कठोर अनुभव असतो. तो अडखळतो तेथे बहुधा ओळच अडखळलेली असते. आमच्याकडे एक गोड गळ्याचे गृहस्थ आहेत. त्यांची कविता प्रथमच एका तलाठ्याने सातबारा वाचावा तशी वाचली, आणि पाच कडव्यांपैकी दोनच शिल्लक राहिली. ती दोन मात्र चांगली आहेत.

तिसऱ्या नियमाची गोष्ट इतकी सोपी नाही. एस.टी.त कंडक्टर असलेले एक गृहस्थ ज्येष्ठात प्रथमच कविता घेऊन आले. मुक्कामाच्या गाडीवर होती. रात्री गाव झोपल्यावर गाडी आणि माणूस दोघेच उरतात, असे काहीसे. तीवर बोलण्याची पाळी एका प्राध्यापकांची आली. ते वीस मिनिटे बोलले. वृत्त कोठे सुटले, 'रात्र' शब्द किती वेळा आला, उपमा कोठे जुनी झाली, सगळे सांगितले. आणि दाखवलेला प्रत्येक दोष खरा होता. कंडक्टरांनी कागदाची घडी केली, पैशांच्या पिशवीत घातली आणि शेवटपर्यंत बसून राहिले. त्यानंतर ते आले नाहीत. ड्युटी बदलली, असे त्यांनी कोणाला सांगितले म्हणतात. मंडळातल्या काहींनी आता नियमच काढून टाका असा आग्रह धरला आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, जो एवढ्याने गेला तो कवी नव्हता.

मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. माधव जूलियनांनी फारसीतून गझल मराठीत आणली. त्यांची 'गज्जलांजली' १९३३ सालची. गझल आली, पण तिच्या घरची एक रीत तेव्हा आपल्याकडे रुजली नाही. ती म्हणजे इस्लाह, उस्तादाने शिष्याची कविता दुरुस्त करणे. मुशायऱ्यात शमा समोर आली की सर्वांदेखत वाहवा. दुरुस्ती मात्र दोघांत, बरेचदा पत्राने. गालिबने हरगोपाल तफ्ता या आपल्या शिष्याच्या कविता पत्रांतून तपासल्या. तरुण इक्बाल आपल्या गझला टपालाने हैदराबादेस दाग यांच्याकडे धाडीत असे, आणि थोड्याच काळात दागनी त्याला कळवले की आता दुरुस्तीला फारसे काही उरलेले नाही. त्या लोकांनी टीका सौम्य केली नव्हती. उस्ताद अख्खा शेर खोडीत असे. पण खोडलेला कागद शिष्य आपल्या घरी, दार लावून वाचीत असे.

मराठीत ही रीत आणली ती सुरेश भटांनी. २००३ साली ते गेले, तोवर त्यांनी कितीतरी होतकरूंना पत्रे लिहिली, 'गझलेची बाराखडी' पाठवली. खेड्यापाड्यांतल्या, ज्यांना मासिकांची दारे ठाऊक नव्हती अशा मुलांना तिच्यामुळे काफिया आणि रदीफ कळले. या रीतीत धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. भटांनंतरच्या पुष्कळ गझलांत भटांचाच आवाज ऐकू येतो. दुरुस्त करणारा हात जड असला की शिष्याचे अक्षर बदलते. दागप्रमाणे थांबता येणे हे उस्तादाचे अर्धे काम आहे, आणि आपल्याकडे ते थोड्यांना जमते.

म्हणून मंडळापुढे मी एक पुरवणी ठेवली आहे. नव्या सभासदाच्या पहिल्या तीन कविता एका जुन्या सभासदाने घरी नेऊन वाचाव्या, जे सांगायचे ते कागदावर लिहून द्यावे, आणि त्या कागदाविषयी बैठकीत चकार शब्द काढू नये. चौथ्या कवितेपासून तिसरा नियम सर्वांना सारखा. तुळशीच्या लग्नानंतरच्या बैठकीत यावर मत घेतले जाईल. तूर्त कोणाची कविता कोणाकडे द्यावी याची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पहिले नाव कंडक्टरांचे घातले आहे. ते कबूल होतात की नाही, हे डेपोत जाऊन विचारायचे आहे. समोरचा रकाना कोरा आहे. त्यांची कविता तपासायला दोघे जण आपण होऊन तयार आहेत, पण दोघांचाही वृत्तांचा अभ्यास दांडगा आहे, आणि मला रात्रीच्या गाडीने प्रवास केलेला माणूस हवा आहे.