कृष्णधवल : एका समासाची व एका छपाईची चिकित्सा

पुण्यातील स्वारगेट हे नाव उच्चारताना त्यात दोन परभाषा एकत्र नांदत आहेत याची जाणीव सहसा कोणास होत नाही. ‘स्वार’ हा शब्द फारसीतून आलेला, ‘गेट’ इंग्रजीतून. त्या जागी एकेकाळी नाक्यावर घोडेस्वारांचा पहारा असे, ही लोकांत रूढ असलेली व्युत्पत्ती खरी धरली वा न धरली, तरी शब्दाचे संकरित रूप उघड आहे. तेथील एस. टी. स्थानकाच्या आसपास पासपोर्ट फोटो, झेरॉक्स व लॅमिनेशन करून देणारी जी लहान दुकाने आहेत, त्यांच्या व्यवहाराची भाषाही याच घडणीची आहे. ‘ब्लॅक अँड व्हाईट करून मोठी प्रिंट मारून देऊ’ या वाक्यातील नामे इंग्रजी, क्रियापदे मराठी, आणि अर्थ मात्र कोणत्याच भाषेत पुरता स्पष्ट नाही. हेच काम कलादालनात गेले की ‘कृष्णधवल छायाचित्र’ या नावाने भिंतीवर चढते. या दोन नावांखाली नेमकी कोणती वस्तू असते, ती कशाची बनलेली असते, हा प्रश्न परिभाषेचा खरा. परंतु केवळ परिभाषेचा नव्हे. गावाहून आलेला मनुष्य मृत वडिलांचे ओळखपत्रावरचे इंचभर चित्र घेऊन दुकानात येतो आणि हार घालण्याजोगी तसबीर घेऊन जातो. ती तसबीर किती वर्षे काळी-पांढरी राहील हे त्याला कोणी सांगत नाही. ते सांगण्यास लागणारे शब्दही दुकानदारापाशी नसतात.

प्रथम समासाचा विचार करू. ‘कृष्णधवल’ हा द्वंद्व मानला तर त्याचा अर्थ ‘काळे आणि पांढरे’ एवढाच होतो, आणि बहुतेकजण तो तसाच घेतात. परंतु दोन विरुद्ध विशेषणांचा समास दोन टोके सांगतो असा नियम नाही. ‘शीतोष्ण’ म्हणजे थंड व गरम असेही होते, आणि कर्मधारय मानून कोमट असेही होते. भूगोलातील ‘समशीतोष्ण कटिबंध’ तर केवळ मधल्या अवस्थेचेच नाव आहे. चांगल्या छायाचित्राची प्रत पाहिली असता ‘कृष्णधवल’ हा समासही याच दुसऱ्या रीतीने सोडवावा लागतो, असे दिसून येते. शुद्ध काळा व शुद्ध पांढरा यांनी व्यापलेली जागा प्रतीत फार थोडी असते. जे दिसते ते सारे करडे, राखी, धूसर, धुरकट, सावळे. मराठीत या मधल्या प्रदेशाला शब्दांची वाण नाही. त्यांपैकी ‘सावळा’ हा तर रंगपटावरचा रंग नसून माणसाच्या कांतीचा वर्ण आहे. तरीही छायाचित्राविषयीच्या मराठी लेखनात हे शब्द क्वचितच उपयोगात आणले जातात. ‘प्रकाशछायेचा सुंदर खेळ’ एवढे म्हणून समीक्षक पुढे सरकतो.

जुन्या पद्धतीच्या छपाईपाशी वस्तूचे नाव सांगणारा एक शब्द होता : ‘ब्रोमाइड’. तो परकी असला तरी प्रामाणिक होता. कागदावर चांदीच्या क्षाराचा थर आहे हे तो सांगे. क्रियापदेही प्रक्रियेला धरून होती. फोटो ‘धुवायला’ देत. हे धुणे आलंकारिक नव्हते, कारण हायपोचा अंश कागदात राहिला तर प्रत पिवळी पडे. तिचे आयुष्य खरोखरच पाण्यावर अवलंबून होते. आणि तांबड्या दिव्याखाली, तबकातील द्रावणात चित्र ‘उमटे’. संपूर्ण कागदावर एकदमच, आधी गडद भाग व मग मधल्या छटा, असे ते वर येई. त्यापूर्वी, एन्लार्जरखाली प्रकाश पडत असताना, काम करणारा तळहाताची सावली धरून एखादा चेहरा उजळ राखी, तर आकाशाला अधिक वेळ प्रकाश देऊन ते गडद करी. निवाडा हाताने होई.

इंकजेट यंत्रात काहीही उमटत नाही. कागद पट्ट्यापट्ट्यांनी पुढे सरकतो व त्यावर शाईचे थेंब पडत जातात. थेंब इतका लहान की एका लिटरचे लाख कोटी भाग केले तर त्यांतील दोनचार भागांएवढा. ‘प्रिंट मारणे’ हा दुकानातला शब्दप्रयोग ग्राम्य वाटला तरी या क्रियेस ‘छापणे’ याहून अधिक जवळचा आहे. छाप पडण्यास दाब लागतो, आणि येथे कशाचाही दाब कागदावर पडत नाही. निवाडा मात्र आता छपाईच्या आधीच, पडद्यावर होऊन जातो. आणि कोणी तो केला नाही, तर यंत्राची आज्ञावली ग्राहकाच्या वतीने तो करून टाकते. बिघाडाचे मूळ बहुधा येथेच असते.

करडा रंग हे यंत्र कसा साधते, हे पाहणे आवश्यक आहे. काळी शाई एकच असेल तर करडेपणा दाखवण्यास थेंब विरळ टाकावे लागतात, आणि गालासारख्या उजळ भागात ते ठिपके डोळ्यांस टोचतात. म्हणून लहान दुकानांतून बहुधा आढळणारे सहा टाक्यांचे यंत्र, ज्यात काळी शाई एकच असते, करडा रंग निळसर, किरमिजी व पिवळ्या शायांच्या मिश्रणाने बनवते. अर्थात वडिलांच्या ‘काळ्या-पांढऱ्या’ तसबिरीचा बराच भाग रंगीत असतो. फक्त ते रंग एकमेकांस झाकून उभे असतात. हा समतोल नाजूक आहे. दुकानातील ट्यूबच्या प्रकाशात जो गाल करडा दिसला, तो उन्हात हिरवट आणि पिवळ्या दिव्याखाली किरमिजी दिसू शकतो. शिवाय या यंत्रांतील शाई पुष्कळदा पाण्यात विरघळणाऱ्या रंजकांची असते. उजेडाने व हवेतील ओझोनने ती विटते, आणि सर्व रंजके एकाच गतीने विटत नाहीत. एक रंग मागे हटला की उरलेले उघडे पडतात. देवघराशेजारच्या भिंतीवरील तसबीर काही वर्षांनी गुलाबी किंवा हिरवी का झाली, याचे उत्तर या मिश्रणात असते; घरची माणसे त्याचा दोष काचेला किंवा ओलीला देतात.

या ठिकाणी ‘शाई’ या शब्दाच्या इतिहासाकडे वळणे अप्रस्तुत होणार नाही. फारसी ‘सियाही’ म्हणजे काळेपणा. त्यावरून मराठीत शाई आली. तेव्हा ‘काळी शाई’ ही मुळात द्विरुक्ती आणि ‘लाल शाई’ हा वदतोव्याघात ठरतो. प्रचारात शब्दाचा मूळ अर्थ पुसला गेला, याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. सर्व भाषांत असे होते. परंतु तो अर्थ ज्या वस्तूमुळे आला, ती वस्तू विचारात घेण्यासारखी आहे. काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून केलेली शाई म्हणजे कार्बनचे बारीक कण. उजेडाने तिचे काहीही बिघडत नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात व भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत ज्या हस्तलिखितांवर अभ्यासक आजही काम करतात, त्यांतील जुन्या पानांचा कागद तपकिरी होऊन कडांनी तुटू लागला तरी अशा शाईची अक्षरे काळीच राहिली आहेत. इंकजेट छपाईची सुधारलेली शाखा, बहुधा नकळत, याच काजळीकडे परत आली. विरघळणाऱ्या रंजकांऐवजी न विरघळणारी, कणरूप रंगद्रव्ये आली, आणि त्यांतील काळ्या रंगाचा आधार कार्बन हाच आहे. एप्सन कंपनीने २००५ मध्ये काळी, फिकी काळी व अतिफिकी काळी अशा तीन काळ्या शाया असलेला संच बाजारात आणला. अमेरिकेत जॉन कोन यांनी त्याआधीच, २००० च्या सुमारास, रंगीत शाया काढून टाकून यंत्रात निरनिराळ्या घनतेच्या करड्या शाया भरण्याची पद्धत प्रचारात आणली होती. अशा प्रतीत मधल्या छटा रंगांच्या तडजोडीवर उभ्या नसतात. निव्वळ कार्बन पातळ पसरला की त्यात किंचित तपकिरी झाक येते; ज्यांना ती नको, ते थोडी रंगीत शाई मिसळतात. ही झाक दोष मानावी की नाही, हा रुचीचा प्रश्न आहे. पोथ्या वाचणाऱ्यास ती परकी वाटू नये.

कागदाचीही अशीच कथा आहे. चकचकीत कागदासाठी एक काळी शाई व खरखरीत, निस्तेज पृष्ठाच्या कागदासाठी दुसरी, असा भेद या यंत्रांत असतो. चुकीची जोडी जमली तर काळा भाग राखेसारखा होतो. हातकागदावर प्रत घेण्याची हौस अलीकडे आढळते. परंतु शाई धरून ठेवणारा थर नसलेल्या कागदावर थेंब पसरतो व रेषा फुगतात. यावर अधिक लिहिण्याजोगे नाही.

कलेच्या बाजाराने या प्रक्रियेचे नाव सांगण्याऐवजी लपवले, हे मात्र नोंदवले पाहिजे. कॅलिफोर्नियातील नॅश एडिशन्स या मुद्रणशाळेत काम करणारे जॅक डुगॅन यांनी १९९१ मध्ये अशा प्रतींसाठी ‘जिक्ले’ हा शब्द घडवला. हेतू असा की ‘इंकजेट’ हा कचेरीचा वास असलेला शब्द कलादालनात येऊ नये. ज्या फ्रेंच धातूवरून तो घेतला त्याचा अर्थ पिचकारीसारखे उडणे असा आहे. मराठीत कोणी ‘पिचकारी-चित्र’ म्हटले असते तर ते दिवाणखान्यात कोणी लावले नसते; फ्रेंच न जाणणाऱ्यांच्या कानांस मात्र तो शब्द उंची वाटला. ‘कृष्णधवल’ या तत्सम शब्दाची आपल्याकडील प्रतिष्ठा याहून फार निराळी नाही. तो चित्राला भारदस्तपणा देतो आणि शाईविषयी एक अक्षरही बोलत नाही.

दुकानातील ‘ब्लॅक अँड व्हाईट करणे’ याचा अर्थ रंग काढून टाकणे असा घेतला जातो. वस्तुतः प्रत्येक रंग कोणत्या करड्या छटेत न्यायचा, हे ठरवणे म्हणजे ते काम. याचे सर्वांत बोलके उदाहरण कुंकवाचे आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना व फिल्मना तांबडा रंग दिसतच नसे. त्यामुळे त्या काळच्या छायाचित्रांत स्त्रियांच्या कपाळावरील कुंकू काळे ठसठशीत दिसते. संगणकावर तांबड्या अंशाला प्राधान्य देऊन रूपांतर केले की याच्या उलट घडते. त्वचा उजळते, डाग व सुरकुत्या मावळतात आणि चेहरा ‘छान’ येतो. पण लाल कुंकूही त्वचेइतकेच उजळ होऊन कपाळात विरून जाते. अहेवपणी गेलेल्या स्त्रीची तसबीर जर अशी कुंकवावाचून भिंतीवर लागली, तर घरच्यांना त्या चित्रात काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते, आणि काय चुकले ते सांगता येत नाही. येथे दुकानदाराने लबाडी केलेली नसते. चेहरा गोरा करण्याची रूढ मागणी त्याने पुरवलेली असते, आणि तीच मागणी दुसरे काहीतरी पुसून टाकते. रंगातून छटेत होणारे हे एक भाषांतर आहे. त्यात निवड करावी लागते ही गोष्टच दोन्ही पक्षांना ठाऊक नसते.

घरच्या तसबिरीत जे कपाळाविषयी घडते, ते सार्वजनिक चित्रात सावलीविषयी घडते. सुधारक ओलवे यांनी १९९९-२००० च्या सुमारास मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची जी कृष्णधवल छायाचित्रे काढली, त्यांचे महत्त्व सर्वमान्य आहे. २०१६ मध्ये ओलवे यांना पद्मश्री मिळाली. घाणीत व अंधाऱ्या जागी उतरणारा सावळा मनुष्य हा ज्या चित्रांचा विषय, त्यांत चित्राचा सारा अर्थ गडद छटांच्या परस्परांतील अंतरावर उभा असतो. देह आणि भोवतालचा काळोख यांच्यामध्ये करड्याच्या दोनतीन पायऱ्याच असतात. पडद्यावर त्या दिसतात, कारण पडदा स्वयंप्रकाशी असतो. कागदावर, विशेषतः निस्तेज कागदावर, त्या दाटून एक झाल्या, की मनुष्य गटारात मिसळतो आणि चित्र त्याच्या विरुद्ध साक्ष देऊ लागते. अशा छपाईला ‘प्रभावी, नाट्यपूर्ण काळेपणा’ म्हणून दाद देणारी समीक्षा मराठीत आढळते. ती समासाचा पहिलाच अर्थ धरून बसलेली समीक्षा होय.

यावरून इंकजेटची प्रत ब्रोमाइडहून हीन असते असा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. कार्बनयुक्त शाईने, योग्य कागदावर, छटांचा विचार करून घेतलेली प्रत गडद भागांतील तपशिलाच्या बाबतीत ब्रोमाइडच्या तोडीची उतरू शकते, आणि टिकाऊपणाबद्दलही तिच्याविषयी शंका घेण्याचे फारसे कारण नाही. दोष यंत्राचा कमी आणि नामकरणाचा अधिक आहे. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात असो वा अन्यत्र, छायाचित्रांच्या प्रदर्शनातील पाटीवर बहुधा छायाचित्रकाराचे नाव, विषय व चित्र टिपल्याचे वर्ष असते. प्रत केव्हा घेतली, कोणत्या जातीच्या शाईने, कोणत्या कागदावर, हे पाटीवर क्वचितच लिहितात. तैलचित्राखाली ‘कापडावर तैलरंग’ असे लिहिण्यास कोणी संकोच करीत नाही. ‘सुती कागदावर कार्बन शाई’ किंवा, वस्तुस्थिती तशी असेल तर, ‘चकचकीत कागदावर रंजक शाई’ असे लिहिण्यास मराठीत आज कोणतीही अडचण नाही. नवा शब्द घडवावा लागत नाही, परिभाषा मंडळाची संमती लागत नाही.

स्वारगेटच्या दुकानात पाटी नसते. तेथे ग्राहकाला दोनच गोष्टी विचारता येतील : यंत्रात काळ्या शाया किती, आणि त्या विरघळणाऱ्या की कणांच्या. पहिल्याचे उत्तर दुकानदार टाक्या मोजून देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर त्याला बाटलीवर वाचावे लागेल. शिवाय प्रत हाती आली की ती ट्यूबखालून उचलून, पायरी उतरून, सातारा रस्त्याच्या उन्हात धरून पाहता येते; हिरवी झाक असेल तर ती पैसे देण्यापूर्वीच तेथे दिसेल.